ढगाच्या पोटातली टोपी

ढगाच्या पोटात शिरायचं, आत बर्फ किती नि पाणी किती ते मोजायचं, आणि डोंगराच्या खाचेत सूर्य डोकावायच्या आत नूरवोगला परत यायचं. काम एवढंच होतं. वाघाच्या तोंडात हात घालून दात मोजून यायचे असले तरी ‘एवढंच’ म्हणता येतं, त्यातलं हे एवढंच!

नूरवोग म्हणजे नॉर्वेच्या पार उत्तरेचं कोळ्यांचं गाव. हिवाळ्यात तिथला सूर्य असा काही रुसतो की महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड पडतो, तेवढ्यावर भागवायचं. मग जानेवारी सरता सरता एका दुपारी दोन सुळक्यांमधल्या खाचेत त्याची नखाएवढी कड दिसते आणि लगेच बुडते. त्या दिवशी घरोघरी सूर्यपाव तळतात. आत जॅम, वर साखर, आणि गोल इतके की हातातून निसटून टेबलाखाली पळतात. पण कड डोळ्यांनी बघितल्याशिवाय पावाला तोंड लावायचं नाही. बाळालासुद्धा खिडकीत धरून आधी सूर्य दाखवतात, मग बोटभर जॅम. आणि कॉड माशाची वर्षातली पहिली फेरीही त्या कडेसाठीच थांबलेली असते. ती दिसली की होड्या सुटल्या. मग देव आडवा आला तरी त्याला वळसा घालून जातील.

तो दिवस आज होता. गावावरचं आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. पण लांब समुद्रावर, जिथे पाणी आणि आभाळ एकमेकांच्या कानाला लागतात, तिथे एक हिमढग बसला होता. पांढरा, गुबगुबीत, झोपलेल्या मांजरासारखा.

“तो तिथेच बरसणार आणि तिथेच मरणार,” हाल्वदान म्हणाला. हा होड्यांचा म्होरक्या. पहिल्या फेरीत याच्या होडीच्या पुढे कुणी होडी घालत नाही. आत्ता तो विमानाच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून विणत होता. मासे लागेपर्यंत दर्यावर करायचं काय, म्हणून आयुष्यभर विणकाम केलेला माणूस. “त्याचं तोंड बघ. बर्फाने भरलाय नुसता.”

“तोंडावरून पोटातलं कळत असतं तर डॉक्टर उपाशी मेले असते,” गुनवोर म्हणाली.

गुनवोर त्याची धाकटी बहीण. ढगांचा अभ्यास करता करता हिचेच केस ढगासारखे झाले होते. दोघांच्या बापाची होडी अशाच एका गोजिरवाण्या ढगाने नेली होती. त्यावर भाऊबहीण कधी बोलत नसत. तो माशांच्या मागे लागला, ती ढगांच्या.

“पुन्हा सांगते, हाल्वदान. ढगात बर्फाचे कण भरपूर असतील तर तो वाटेतच बरसून रिकामा होईल. तुझं खरं. पण कधी कधी आत पाणीच असतं. गोठायला पाहिजे एवढं गार, पण गोठत नाही. हट्टी पाणी. ते असलं तर ढग वाटेत बरसत नाही. भरलेल्या पोटाने तसाच चालत येतो आणि किनाऱ्यावर येऊन ओततो. नेमका तुम्ही बाहेर असताना.”

“आपल्या घराण्यात हट्टी पाणी पुष्कळ आहे,” हाल्वदान सुई न थांबवता म्हणाला. “ठीक आहे. जा, मोज. पाणी सापडलं तर वायरलेसवर सांग, मी दोर सोडणार नाही. नाही सापडलं, तर सूर्य दिसला की मी निघालो. मग मागून हाका मारायच्या नाहीत.”

“कबूल.”

“आणि माझ्या टोप्या नीट सांभाळा.”

आता या टोप्यांचं सांगायला हवं. विमानाला तीन यंत्रं होती, पंखांखालून नाकासारखी पुढे आलेली. एक ढगातले बारीक थेंब हेरायचं, एक हिमकणांचे फोटो काढायचं, आणि उजव्या पंखाखालचं तिसरं पाणी मोजायचं. शेडमधल्या दमट गारठ्यात ही नाकं आखडायची. म्हणून हाल्वदानने तिघांना टोप्या विणल्या होत्या, लाल, वर गोंडा असलेल्या. उड्डाणाच्या वेळी नियम एकच : नाकावरची टोपी डोक्यावर! गुनवोरने आपल्या यंत्राची काढून आपल्या डोक्यावर घालायची, सहवैमानिक योरुनने तिच्या यंत्राची, कॅप्टन आयलर्टने तिसऱ्याची. मग दार लावताना एकमेकांची डोकी बघायची. तीन डोकी लाल, म्हणजे तीन नाकं मोकळी. या युक्तीने अख्खा हिवाळा सुरळीत गेला होता.

पण आज सूर्याचा दिवस. हाल्वदानने आयलर्टला भेट म्हणून एक नवी टोपी आणली होती. त्याच लोकरीची, तसाच गोंडा. सूर्यपावांचा डबा हातात देता देता त्याने ती आयलर्टच्या टकलावर घातलीसुद्धा.

“कान झाकले जातायत का?” हाल्वदानने विचारलं.

“काय म्हणालास?” आयलर्ट म्हणाला.

सगळे हसले. निळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो, आणि उजव्या पंखाखाली तर अंधारच होता. दार लावताना योरुनने डोकी बघितली. लाल, लाल, लाल. आयलर्टने स्वतःच्या डोक्याला हात लावला. टोपी होती.

विमान उडालं.

खाली समुद्र शाईसारखा होता. त्यात बेटं अशी झोपली होती की त्यांच्या अंगावरून पांघरूण ओढायला नको वाटावं. मागे नूरवोगचे पिवळे दिवे लहान लहान होत गेले, मग कुणी मूठ मिटावी तसे मिटले. विमान चढत राहिलं. निळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा गुलाबी, आणि मग ढगावर वळसा घेताना सूर्य समोर आला. ढगाच्या पाठीवर टेकून बसलेला, लालबुंद, आंघोळ करून आलेल्या पोरासारखा. ढगाची पाठ दूरवर पसरली होती आणि तिच्यावर विमानाची सावली धावत होती. सावलीभोवती इंद्रधनुष्याचं कडं. गुनवोरने कपाळ काचेला टेकवलं. गालाला ऊब लागली. किती दिवसांनी लागली, ते गालालाच माहीत.

मागे डब्याचं झाकण वाजलं.

“योरुन,” आयलर्ट मान न वळवता म्हणाला.

“काय? सूर्य बघितला ना? मग कायदेशीर आहे.” योरुनच्या नाकावर साखर होती.

“गावाच्या आधी?”

“गावाने उंच उडी मारावी.”

गुनवोरने पाव घेतला नाही. “परत गेल्यावर,” ती म्हणाली. “चल, आयलर्ट. खाली घे. मांजराच्या पोटात.”

विमानाने नाक खाली केलं. सूर्य विझला.

आत शिरल्यावर वर-खाली काही उरतच नाही. पांढरं, आणि त्याच्या आत आणखी पांढरं. इंजिनाचा आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा. वाटावं आपण उडत नाही, कुणाच्या तरी जुन्या स्वप्नात तरंगतोय. पडद्यावर हिमकणांचे फोटो यायला लागले. सहा पाकळ्यांची चांदणी. नेच्याचं पान. दुसऱ्याला चिकटलेलं पान. एकेक करून, आरामात, जशी लग्नाला आधी लांबची पाहुणेमंडळी येतात.

“कमी आहेत,” गुनवोर पुटपुटली. बर्फ कमी, तर मग पाणी जास्त असायला हवं. तिने तिसऱ्या यंत्राकडे बघितलं.

शून्य.

तिने पडद्यावर टिचकी मारली. शून्यच. जरा थांबली. विमान आणखी थोडं आत गेलं. शून्य हलायला तयार नाही. थेंब हेरणारं यंत्र काहीतरी कुरकुरत होतं, पण त्याची कुरकुर नेहमीचीच. बर्फ थोडा आणि पाणी नाहीच, म्हणजे ढग पोकळ! नुसता कापूस! तिला खरं वाटेना. पण ढगाला तोंडावरून ओळखू नकोस, असं भावाला सांगणारी तीच होती. शब्दाला जागायला हवं.

तिने वायरलेस उचलला. “हाल्वदान. पाणी नाही.”

खरखरीतून हसू आलं. “मग? मी काय म्हणत होतो?” मागे माणसांचा गलका, इंजिनांची धडधड. “आम्ही बंदराच्या तोंडाशी रांग लावतोय. सूर्य आला की सुटलो. तू ये निवांत. आणि गुनवोर, वाईट वाटून घेऊ नकोस. ढगाने फसवलं तरी पाव फसवत नाही.”

तिने वायरलेस ठेवला. पुन्हा त्या शून्याकडे बघितलं.

“गुनवोर,” योरुन म्हणाली. “पाणी नाही म्हणालीस ना?”

“हो.”

“मग समोरच्या काचेवर हे काय आहे? जेली?”

काच चकचकीत झाली होती. पारदर्शक, जाड, लाटालाटांची. पांढरा भुसभुशीत बर्फ असता तर उडून गेला असता. हा काचेवर काच चढवत होता. जिथे टेकला तिथे थिजला! हे हट्टी पाणी होतं, आणि ओंजळभर नव्हे, हंडेच्या हंडे!

गुनवोर उजव्या खिडकीशी धावली. पंखाखाली, तिसऱ्या यंत्राच्या नाकावर, काहीतरी लालसर दिसलं. त्यावर बर्फ चढत होता. नारळाएवढा झाला होता. ती बघत असतानाच भोपळ्याएवढा झाला. आणि आत, काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखी, गोंड्यासकट टोपी!

ती वळली. आयलर्टच्या डोक्याकडे बघितलं. तिची नजर कुठे आहे ते बघून त्याने हळूच हात वर नेला, गोंडा चाचपला. मग त्याचा चेहरा असा झाला की त्याला काही सांगायची गरज उरली नाही.

“ही नवी आहे,” तो म्हणाला.

“ही नवी आहे,” गुनवोर म्हणाली.

“म्हणजे जुनी...”

“जुनी यंत्राने घातलीय. त्याला पाणी दिसणार कुठून, त्याचे डोळे तुझ्या टोपीत आहेत.”

ती वायरलेसवर झेपावली. “हाल्वदान! चुकलं! पाणी आहे! निघू नकोस!” तेवढ्यात छतावर टण्ण आवाज झाला. वायरलेसची तार बर्फाच्या वजनाने तुटली होती आणि शेपटीवर सपासप आपटत होती. मग तीही गेली. कानात नुसती खरखर. भावाला सांगितलेलं शेवटचं वाक्य होतं : पाणी नाही.

आता विमान जड झालं. आयलर्टने दांडा ओढला, विमान ऐकेना. पंखांच्या कडांना रबरी पट्टे होते. हवा भरली की फुगायचे, बर्फ फोडायचे. धप्प! बर्फाचे तुकडे उडाले. परत चढला. धप्प! परत चढला. इंजिन गुरगुरलं. समुद्र वर येत होता. दिसत नव्हता, पण येत होता.

“खाली,” गुनवोर म्हणाली. “पाण्यालगत हवा जरा गरम असेल.”

“समुद्र कुठे सुरू होतो ते ठाऊक आहे?”

“ओलं लागलं की समजायचं.”

योरुन हसली. भीतीने हसली, पण हसली. विमान ढगाच्या पोटाखालून बाहेर पडलं तेव्हा लाटा इतक्या जवळ होत्या की एका सीलने पाण्यातून डोकं काढून त्यांच्याकडे बघितलं आणि परत आत घेतलं. आपण खोटं कशाला बोलायचं, सीलला मिश्या होत्या तेवढं दिसलं. इथे बर्फ चढायचा थांबला. पंखांवरचा थोडा थोडा निसटायला लागला. विमानाने दम घेतला, माणसांनीही.

आयलर्टने वळून गुनवोरकडे बघितलं. “टोपीवरचा गोळा निघेल बहुतेक. निघाला की यंत्र मोकळं. अजून एकदा आत जाता येईल, मधोमध. या हिवाळ्यातलं हे शेवटचं उड्डाण आहे, मला माहीत आहे. तुझा आकडा मिळेल.” तो थांबला. “पण सूर्य थांबणार नाही.”

गुनवोरने वर बघितलं. ढगाचं पोट काळंभोर होतं, गाईच्या दुधाने भरलेल्या कासेसारखं तटतटलेलं. असा ढग सगळा हिवाळा तिला सापडला नव्हता. आत गेलं, मोजलं, की जगातल्या सगळ्या ढगवाल्यांसमोर ती पडद्यावर आकड्यांची ओळ दाखवून म्हणाली असती, हे बघा. आणि ती म्हणत असताना तिकडे होड्या... तिने ढगाकडून डोळे काढून घेतले. पोराच्या हातून खाऊ काढून घ्यावा, तितकं जड गेलं.

“घरी चल,” ती म्हणाली. “जोरात चल.”

ढग त्यांच्या मागोमाग निघाला. मांजर उठलं होतं. पाठ ताणून, पंजे पुढे टाकत, आवाज न करता चालत येत होतं.

नूरवोग दिसलं. बंदराच्या तोंडाशी होड्यांची रांग, सगळ्यात पुढे हाल्वदानची निळी होडी. धक्क्यावर अख्खं गाव डोंगराकडे तोंड करून उभं. खाचेतलं आभाळ सोनेरी झालं होतं, कड आता दिसेल की मग, इतकं सोनेरी. गावावर अजूनही घासलेलं ताट. ढग त्यांना दिसणारच कसा, सगळ्यांची पाठ समुद्राकडे!

“विमानतळावर उतरून धावत जायला वेळ नाही,” योरुन म्हणाली.

“उतरतंय कोण?” आयलर्टने विमान खाली घेतलं.

ते होड्यांच्या डोलकाठ्यांवरून गेले. आयलर्टने पंख हलवले, डावा-उजवा, डावा-उजवा. परत फिरा, परत फिरा! कोळ्यांनी टोप्या काढून हलवल्या. एकाने पाव उंचावून दाखवला.

“शुभेच्छा देताहेत मेले,” योरुन म्हणाली.

“परत,” गुनवोर म्हणाली.

गर्रकन वळण. पुन्हा डोलकाठ्या. पुन्हा डावा-उजवा, आता अशा जोराने की डब्यातले उरलेले पाव विमानभर धावले. आणि उजव्या पंखाखाली कडाड् झालं. गोळा सुटला!

गुनवोरला तो जाताना दिसला. सावकाश गेला, म्हणजे तिला तरी सावकाश वाटला. एवढा मोठा काचेचा गोळा, फिरत फिरत, मधोमध लाल टोपी, आणि खाचेतला सोनेरी उजेड त्याच्या आरपार. जणू आभाळाने अंडं घातलं. हाल्वदान पुढे सांगायचा तेव्हा तो गोळा देवमाशाच्या डोक्याएवढा होता. अतिशयोक्ती करायची त्याला सवयच. बैलाच्या डोक्याएवढाच होता. तो निळ्या होडीवर, जाळ्यांच्या ढिगात, कोंबडी पेंढ्यात बसावी तसा जाऊन बसला.

विमान पुढे गेलं, वळलं. गुनवोरचं नाक काचेला चपटलेलं. खाली तिला इवलासा हाल्वदान दिसला. तो जाळ्यांकडे गेला. वाकला. गोळ्यावर हात फिरवला. आयुष्यभर होडीवरचा बर्फ फोडलेले ते हात, बर्फ कुठला ते त्यांना डोळ्यांनी सांगावं लागत नाही. मग तो आणखी वाकला, अगदी तोंड लावून आत बघितलं. आपले टाके ओळखले, यंत्राची टोपी ओळखली.

मग तो उभा राहिला आणि पहिल्यांदाच समुद्राकडे वळला.

निळी होडी फिरली. मागच्या होड्यांवर आरडाओरडा झाला असेल, हातवारे तर दिसतच होते. सूर्य येतोय आणि हा म्हातारा परत कुठे निघाला! पण पहिल्या फेरीत म्होरक्याच्या पुढे कुणी होडी घालत नाही. एकेक करून सगळ्या फिरल्या. शेवटची होडी धक्क्याला टेकली, विमानाची चाकं जमिनीला लागली, आणि ढगाने पंजा टाकला. खाच झाकली गेली. सोनं विझलं. मग बंदर गेलं, मग डोंगर, मग समोरच्याचा चेहरा. असं ओतलं, असं ओतलं, की वाऱ्याने चर्चची घंटा आपली आपण वाजत राहिली, आणि बंदरातल्या बंदरात होड्या दोर ताणून घोड्यांसारख्या खिंकाळल्या. बाहेरचं तर बोलूच नका.

माशांच्या गोदामात सगळं गाव जमलं होतं. शेगडी पेटलेली, कॉफी उकळत होती, आणि लांब टेबलावर सूर्यपावांचे डोंगर. कुणी हात लावत नव्हतं. सूर्य दिसला नव्हता ना!

टेबलाच्या मधोमध परातीत तो गोळा ठेवला होता.

हाल्वदान त्याच्यासमोर बसला होता. गुनवोर आली, शेजारी टेकली.

“तू पाणी नाही म्हणालीस,” तो म्हणाला.

“तू टोपी जास्त विणलीस,” ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. हिशेब फिटला. मग त्याने तिचा हात हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. बापाबद्दल त्या दोघांनी आयुष्यात जेवढं म्हणून बोलायचं ठेवलं होतं, ते सगळं त्या धरण्यात बोलून झालं.

“तुझा आकडा?” त्याने विचारलं.

“गेला.” तिने गोळ्याकडे बोट दाखवलं. “वितळला की मोजपात्रात ओतते. तेवढाच माझा आकडा.”

पलीकडे योरुन मजेत पाव खात होती. गावाची नजर तिच्या दाढांबरोबर वर-खाली होत होती.

“आम्ही वर सूर्य बघितलाय,” ती तोंड भरून म्हणाली. “तुमचं तुम्ही बघा.”

“गुनवोर,” एक म्हातारी कळवळून म्हणाली, “यातून काही मार्ग काढ बाई. साखर वितळायला लागली.”

गुनवोरने विचार केला. मग ती उठली आणि शेगडीचं दार उघडलं. विस्तवाचा उजेड गोळ्यावर पडला. आणि त्या काचेत, टोपीच्या लाल लोकरीभोवती, एक गोल, लालबुंद, उबदार असं काहीतरी पेटलं. ढगाच्या पाठीवर टेकून बसलेलं तिने बघितलं होतं, अगदी तसंच.

“हा ढगावरून येतानाच बरोबर आलाय,” ती गंभीरपणे म्हणाली. “आत अडकलाय. नीट बघा.”

सगळं गाव परातीवर वाकलं. तो सूर्य होता की हाल्वदानची टोपी, हे ज्याने त्याने आपापल्या पोटाला विचारलं. पोट काय सांगणार!

“दिसला,” हाल्वदान म्हणाला, आणि पहिला पाव बहिणीच्या हातात ठेवला.